भागधारक नव्हे, हितसंबंधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुठलाही वाद पेटला की ‘सर्व भागधारकांशी चर्चा करू’ असे आश्वासन छापून येते. भागधारक म्हणजे ज्याने कंपनीचे शेअर घेतले तो. ज्याचे शेत, विहीर किंवा चूल त्या निर्णयावर अवलंबून आहे, तो हितसंबंधी. मोठ्यांचीच अशी गल्लत होते, म्हणून हा फरक सहावी ते आठवीच्या मुलांना शिकवावा, असे मला वाटते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये याच इयत्तांसाठी दप्तराविना १० दिवस सुचवले आहेत. ते कुंभाराच्या चाकाभोवती फोटो काढण्यात जाऊ नयेत.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला निवृत्त शिक्षक. गेल्या सुट्टीत शेजारच्या सातवीतल्या मुलांना सोप्यावर बसवून विषय दिला तो खाजनातल्या मानशीचा. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन आणि मानस म्हणजे त्या बांधातले पाणी आत-बाहेर सोडायचे दार. भरतीला तिची दारे मिटतात, ओहोटीला उघडतात आणि तिथेच जाळे लावतात. मासळी धरण्याचा हक्क लिलावात जातो. मी विचारले, मानस घेणाऱ्याने जास्त मासळीसाठी खारे पाणी थोडे अधिक आत घेतले तर कोणाचे काय होईल?

मानस घेणाऱ्याचा फायदा, कुळांच्या भाताचे नुकसान, इथवर सगळे झटकन कागदावर आले. मग मी सांगितले की लिलावाचा पैसा कुळ संघाकडे येतो आणि त्यातूनच बांधाची डागडुजी व्हायची असते. एक मुलगा बराच वेळ पेन्सिल चावत बसला होता. म्हणाला, “सर, म्हणजे कुळांनाही बोली मोठीच हवी. पण मोठी बोली लावणारा पैसे वसूल करायला पाणी जास्त घेणार!” तिथून खरी चर्चा सुरू झाली. जाता जाता एक मुलगी म्हणाली, “आमची आजी बांधापलीकडे तिसऱ्या (शिंपले) काढते. तिचे नाव कागदावर नाही.” नव्हतेच. माझ्याही डोक्यात आले नव्हते.

एक भीती आहे. हे पुस्तकात शिरले की ‘हितसंबंधींची नावे लिहा, गुण २’ असा प्रश्न येईल आणि गाईडमध्ये उत्तर तयार असेल. नावे लिहिणे सोपे, एकाच माणसाचे दोन हितसंबंध एकमेकांना कसे छेदतात ते पाहणे अवघड. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले, तेव्हा ट्रकवाला, बार्जवाला, गॅरेजवाला आणि शेतात गाळ साचलेला शेतकरी अशी विभागणी आपण केली. पण कित्येक घरांत ट्रकही होता आणि गाळ साचलेले शेतही.

ज्या शाळांना जमेल त्यांनी यंदा मुलांना मानशीवर न्यावे. मात्र पंचांग पाहून ओहोटीची वेळ गाठावी. ती शाळेच्या घंटेप्रमाणे येत नाही, तेव्हा मुख्याध्यापकांनी एक दिवस वेळापत्रक सैल सोडावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा