गुहागर सहल : शनिवार-रविवारच्या फेऱ्यांची सूचना

सर्व सभासद कुटुंबांना नमस्कार.

येत्या शनिवारी चतुर्दशी, रविवारी पौर्णिमा. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे कळते. चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे शनिवारी साडेदहाच्या सुमारास पूर्ण भरती. सगळा बेत त्यावरच बांधला आहे, म्हणून कृपया वेळा पाळा.

शनिवार : सकाळी ठीक ९ वाजता निवासाच्या अंगणातून गाड्या हेदवीला निघतील. तिथे उमा-महेश्वर मंदिरामागची बामणघळ पाहायची. खडकाच्या अरुंद भेगेत लाट घुसते आणि पाणी उसळून वर येते. हे भरतीलाच दिसते. खडक शेवाळाने निसरडे असतात. मुलांचा हात सोडू नये, घळीच्या कडेला फोटोसाठी कोणीही जाऊ नये. नंतर दशभुजा गणपतीचे दर्शन, मग परत येऊन जेवण.

रविवार : सकाळी व्याडेश्वराचे दर्शन, दुपारी वेळणेश्वर.

समुद्रस्नान शनिवारी पाचनंतर आणि रविवारी साडेपाचनंतर, ओहोटी संपून पाणी चढू लागल्यावरच. ओहोटीचे पाणी आत ओढते. पोहता येणाऱ्यांनीही हा नियम मोडू नये. गुडघ्यापलीकडे मुले नकोत आणि प्रत्येक कुटुंबातील एक मोठी व्यक्ती काठावर उभी हवी. अंधार पडण्याआधी सर्वांनी बाहेर.

सोबत टोपी, पाण्याची बाटली, कपड्यांचा जादा जोड आणि सुटे पैसे घ्या. आजी-आजोबांपैकी ज्यांना खडकावर चालणे जमणार नाही, त्यांची नावे गुरुवारपर्यंत कळवा. त्यांची गाडी थेट गणपती मंदिरात नेऊ.

– सहल समिती