बंकर तेलाचा नमुना जहाजाच्या मॅनिफोल्डवरच घेतला जावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वाढवण बंदराच्या निमित्ताने धक्क्यांची लांबी, पाण्याची खोली, कंटेनरांची क्षमता यांवर पुष्कळ लिहून आले. मोठी जहाजे आली की ती इंधनही, म्हणजे बंकर तेलही, मागणार. त्या इंधनाचा दर्जा कोण, कुठे आणि कसा तपासणार, हा विषय मात्र चर्चेत येत नाही. मराठी घरांतली कितीतरी मुले आज जहाजांच्या इंजिन रूममध्ये काम करतात. खराब तेलामुळे भर समुद्रात इंजिन बंद पडले तर जीव त्यांचाच धोक्यात येतो, म्हणून हे पत्र.

मोठ्या जहाजाचे मुख्य इंजिन चालते ते बहुधा रिफायनरीत हलके घटक काढून घेतल्यावर उरलेल्या दाट तेलावर. त्यात इतर तेले मिसळून विक्रीचा माल तयार होतो आणि घोटाळ्याला वाव मिळतो तो या मिसळण्यातच. आयएसओ ८२१७ हे मानक त्यासाठी मर्यादा घालून देते. नेहमीच्या ३८० ग्रेडसाठी (हा आकडा दाटपणाचा) घनता घनमीटरला ९९१ किलोपेक्षा जास्त नको, पाणी ०.५० टक्क्याच्या आत, फ्लॅश पॉइंट (तेलाची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) किमान ६० अंश, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन मिळून किलोला ६० मिलिग्रॅमपर्यंत.

यातला शेवटचा आकडा सर्वांत घातक आहे. रिफायनरीत तेलावर प्रक्रिया घडवणाऱ्या, ॲल्युमिनियम-सिलिकॉनयुक्त कॅटॅलिस्टचे बारीक, कठीण कण तेलात राहतात, सिलिंडरच्या लायनरमध्ये (आतल्या अस्तरात) आणि पिस्टन रिंगमध्ये रुततात आणि धातू घासत राहतात. इंजिनाच्या तोंडाशी हे प्रमाण १५ च्या खाली असावे, असे इंजिन बनवणारे सांगतात. म्हणजे मानकात बसणारे ६० चे तेल आले तरी त्यातले तीन चतुर्थांश कण प्युरिफायरने (तेल वेगाने फिरवून घाण वेगळी करणाऱ्या यंत्राने) काढायला हवेत. त्यासाठी तेल ९८ अंशांवर हवे आणि प्रवाह कमी ठेवायला हवा. तापमान ९० वर घसरले की कण नीट वेगळे होत नाहीत. हे कण पाण्याला धरून राहतात, त्यामुळे सेटलिंग टँकचा (पाणी आणि गाळ खाली बसू देणाऱ्या टाकीचा) तळ नियमित ड्रेन करणे हीही त्याच कामाची पहिली पायरी आहे.

पण प्युरिफायर रसायने काढू शकत नाही. २०१८ मध्ये ह्यूस्टन परिसरात घेतलेल्या तेलाने अनेक जहाजांचे फ्युएल पंप अडकले, फिल्टर तुंबले. २०२२ मध्ये सिंगापूरला क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायने मिसळलेले तेल सुमारे २०० जहाजांना गेले आणि त्यांतल्या जवळपास ८० जहाजांना पंप व इंजिनाचा त्रास झाला. नेहमीच्या चाचण्यांत ही रसायने दिसतच नाहीत. ती शोधायला गॅस क्रोमॅटोग्राफीची वेगळी चाचणी लागते. सिंगापूरने त्यातून धडा घेतला. १ जून २०२४ पासून तिथे पुरवठादाराला ही क्लोरीनयुक्त रसायने किलोला ५० मिलिग्रॅमच्या आत असल्याचे चाचणीने दाखवावे लागते.

आता नमुन्याबद्दल. वाद झाला की सारा निकाल एका बाटलीवर ठरतो, आणि ती बाटली कुठे भरली हे फार महत्त्वाचे असते. जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल करारानुसार नमुना घ्यायचा तो तेल स्वीकारणाऱ्या जहाजाच्या मॅनिफोल्डवर (तेल आत घेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी), तेल यायला लागल्यापासून थांबेपर्यंत सतत थेंबथेंब. ड्रिप सॅम्पलर बसवण्याआधी तो उघडून आतून कोरडा आणि स्वच्छ आहे का ते पाहावे, व्हॉल्व्ह लावून झाल्यावर त्यालाही सील घालावे. शेवटी जमा झालेले तेल खूप हलवून सर्व बाटल्यांत थोडेथोडे, तीन-चार फेऱ्यांत ओतावे. एक बाटली भरून झाल्यावर दुसरी भरली तर दोन्हींत सारखे तेल येत नाही. मार्पोलच्या बाटलीत ६०० मिलिलिटरपेक्षा कमी तेल चालत नाही. प्रत्येक सीलचा क्रमांक बंकर डिलिव्हरी नोटवर (तेल दिल्याच्या पावतीवर) यायला हवा. तेल घेऊन येणाऱ्या बार्जवरून (छोट्या नौकेवरून) आधीच भरून आणलेल्या बाटल्यांवर सही मागितली जाते, ती चीफ इंजिनिअरने देऊ नये. लेटर ऑफ प्रोटेस्ट (लेखी हरकत) द्यावे. नोट तीन वर्षे आणि नमुना किमान बारा महिने जपायचा असतो. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत नवे तेल वापरू नये आणि जुन्यात मिसळूही नये. ०.५० टक्के गंधकाची तेले २०२० पासून सर्वत्र आली. त्यांतली दोन ठिकाणची तेले एकत्र आली की गाळ धरण्याची शक्यता मोठी असते.

मापातही फसवणूक होते. तेलात हवा फुंकून फेस केला की टाकीतली पातळी वर दिसते. साउंडिंग टेपवर (टाकीतली पातळी मोजायच्या फितीवर) बुडबुडे दिसले तर मोजणी तिथेच थांबवावी. बार्जच्या सर्व टाक्या, या पुरवठ्यासाठी नेमून न दिलेल्याही, आधी आणि नंतर मोजाव्यात. नोटवर घनता ९९० लिहिली आणि तेल प्रत्यक्षात ९८० चे निघाले, तर हजार घनमीटरमागे दहा टन तेलाचे पैसे फुकट गेले. मास फ्लो मीटर थेट वजन मोजतो, म्हणून यातले बरेचसे प्रकार तिथेच पकडले जातात. सिंगापूरने दाट तेलासाठी तो २०१७ पासून सक्तीचा केला.

नौवहन महासंचालनालय मुंबईतच आहे, म्हणून मागणी त्यांच्याकडे. राज्यातल्या बंदरांत तेल देणाऱ्या प्रत्येक बार्जवर प्रमाणित मास फ्लो मीटर सक्तीचा करावा. स्थानिक पुरवठादारांची नोंदवही ठेवणे हे मार्पोलने सरकारवरच सोपवलेले काम आहे. ती नोंदवही सर्वांना पाहता यावी आणि कोणावर कशासाठी कारवाई झाली तेही तीत दिसावे. जहाजावर दोषी तेल सापडले तर दंड जहाजालाच होतो आणि पुरवठादार मोकळा राहतो, हे थांबायला हवे. १ जानेवारी २०२६ पासून फ्लॅश पॉइंटबद्दल पुरवठादाराची सही केलेली हमी बंकरिंगपूर्वी (तेल भरण्याआधी) देणे जहाजांच्या सुरक्षिततेच्या सोलास कराराने बंधनकारक केले आहे. त्याच कागदासोबत रसायनांच्या चाचणीचा अहवालही मागावा. ही चाचणी किनाऱ्यावरच्या साठवण टाकीतल्या तेलाची व्हावी आणि अहवाल बार्ज निघण्यापूर्वी हातात यावा. तेल एकदा जहाजाच्या टाकीत उतरले की ते परत काढायला दुसरी बार्ज, रिकामी टाकी आणि घेणारा, तिन्ही शोधावे लागतात, आणि तोवर जहाज नांगर टाकून उभे राहते.

आपला,
एक सागरी अभियंता
नवी मुंबई