बिघडलेलं हेडही मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन असलं की मी जाते. वडिलांची १९६८ सालची फियाट ११०० आजही आमच्या दारात आहे आणि ती मीच चालवते. प्रदर्शनात एक गोष्ट मात्र दरवेळी खटकते. बॉनेट उघडं असतं, इंजिन लखलखत असतं. पण त्याआधी काय बिघडलं होतं आणि कुणाच्या हातून, हे कुणीच सांगत नाही.

माझ्या हातून बिघडलं ते सांगते. गेल्या वर्षी हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ठोकळा (ब्लॉक) यांच्यामधला, पाणी-तेल अडवणारा पातळ थर. नाना पेठेतून नवं आणलं आणि भाच्याला हाताशी धरून मीच बसवलं. हेडचे बोल्ट एका टोकापासून ओळीनं आवळत गेले, प्रत्येक एकदमच, जोर लागेल तितका. बोल्ट मोजून-मापून ठरावीक जोरानं आवळायचा पाना, टॉर्क रेंच, घरात नव्हता. आणावा असं वाटलंही नाही. आठवड्याच्या आत कात्रजच्या घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला, मागे पांढरा धूर. तेल मोजायची कांडी, डिपस्टिक, काढून पाहिली तर तेल दुधाच्या चहासारखं! पाणी तेलात उतरलं होतं.

नाना पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींनी हेड उतरवलं. रागावले नाहीत. हेडवर पोलादी पट्टी उभी धरली, पलीकडून टॉर्च लावला आणि म्हणाले, "बघा ताई." मधल्या दोन सिलिंडरांच्या वर पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ येत होती. हेड वाकलं होतं, आणि नेमकं तिथंच गॅस्केट जळून काळं पडलं होतं. या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, आणि बोल्ट कमी-जास्त आवळलेले असले तर हेड वाकतं. म्हणून बोल्ट इंजिन गार असताना, मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळायचे. काढताना उलट, टोकांकडून मध्ये. "ताई, बोल्ट आवळायचे नसतात, हेड बसवायचं असतं," हे त्यांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. मग त्यांनी आपलीही एक चूक सांगितली. उमेदवारीच्या काळात कार्बोरेटर काढल्यावर कचरा जाऊ नये म्हणून त्यांनी मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांच्या, तोंडात फडकं कोंबलं आणि ते तसंच आत राहिलं. तेव्हापासून ते कोंबलेल्या फडक्याला लाल दोरी बांधून तिचं टोक बाहेर सोडतात. हे मला कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडलं नसतं.

पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्रानं नोंदणीचे वेगळे नियम केले, 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळू लागली. चांगलंच झालं. पण पाटी मिळालेली गाडी दुरुस्त करणारे हात म्हातारे होत चाललेत, आणि चुकांमधून मिळालेलं त्यांचं शहाणपण त्यांच्याबरोबरच जाईल याची मला खरोखर काळजी वाटते.

म्हणून आयोजकांना कळकळीची विनंती: पुढच्या प्रदर्शनात चकचकीत गाड्यांशेजारी एक टेबल बिघडलेल्या सुट्या भागांचं ठेवा. जळालेली गॅस्केटं, वाकलेली हेडं, आटे गेलेले बोल्ट. टेबलामागे दोन जुने मिस्त्री मानानं आणि मानधन देऊन बसवा, आणि औंधच्या आयटीआयमधल्या मुलांना मुद्दाम बोलवा. माझं वाकलेलं हेड आणि ते गॅस्केट मी जपून ठेवलंय. पट्टी आणि टॉर्चसकट घेऊन येईन.

– एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे