नोकरी बदलली की पीएफची वजावट वाऱ्यावर का?

महोदय,

आयकर विवरणपत्रे भरण्याचे दिवस जवळ आले की कर वाचवणाऱ्या गुंतवणुकींविषयी पुष्कळ मजकूर छापून येतो. परंतु आर्थिक वर्षाच्या मध्येच नोकरी बदललेल्या माणसाच्या भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफ) वजावटीचे काय होते, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. पिंपरी-चिंचवड, हिंजवडी, चाकण या पट्ट्यात दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलणे नित्याचे झाले आहे. लेखापालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ओळखीतल्या तरुण मंडळींची विवरणपत्रे मी तपासून देतो. कायद्याने वजावट कर्मचाऱ्याला दिली आहे, पण तिचे कागद मात्र कंपनीगणिक वेगळे असतात आणि ते जुळवण्याचे काम ज्याला त्यातले सर्वांत कमी कळते त्याच्यावरच येऊन पडते, असे त्यांतून वारंवार दिसते.

मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के इतकी जी रक्कम कर्मचाऱ्याच्या पगारातून पीएफसाठी कापली जाते, ती जुन्या करप्रणालीत आयकर कायदा १९६१ च्या कलम ८०सी खाली (ठरावीक गुंतवणुकी उत्पन्नातून वजा करू देणारे कलम) वजावटीस पात्र असते; मर्यादा २०१४-१५ पासून दीड लाख रुपयांचीच आहे. कंपनी भरते तो वाटा या वजावटीत धरायचा नसतो, तरीही पासबुकातील दोन्ही रकाने बेरजेत घेतलेले आढळतात. एकाच कंपनीत वर्ष काढणाऱ्याला याचा विचार करावा लागत नाही, कारण फॉर्म १६ मध्ये, म्हणजे कंपनी देते त्या पगार व करकपातीच्या वार्षिक दाखल्यात, आकडा तयारच असतो.

वर्षात दोन कंपन्या झाल्या की काय होते, ते एका सोप्या उदाहरणाने सांगतो. एखाद्या कर्मचाऱ्याचे पहिल्या कंपनीतील मूळ वेतन ५०,००० रुपये आहे. एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांत त्याचा पीएफ दरमहा ६,००० प्रमाणे ३०,००० रुपये कापला गेला. सप्टेंबरपासून नव्या कंपनीत मूळ वेतन ६०,००० झाले आणि मार्चपर्यंतच्या सात महिन्यांत दरमहा ७,२०० प्रमाणे ५०,४०० रुपये कापले गेले. याखेरीज त्याने पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) ४०,००० रुपये भरले असून त्याची पावती दोन्ही कंपन्यांना दिली आहे. पहिल्या फॉर्म १६ मध्ये ८०सी ची रक्कम ७०,००० दिसते, दुसऱ्यात ९०,४००. दोन्हींची बेरीज करून, ती दीड लाखाच्या वर जाते म्हणून दीड लाखाचा दावा करणारा माणूस चुकतो, कारण पीपीएफचे ४०,००० दोनदा मोजले गेले आहेत आणि खरी रक्कम १,२०,४०० आहे. उलट, शेवटच्या कंपनीचा फॉर्म तेवढा खरा मानून ९०,४०० लिहिणारा आपल्याच पगारातून कापल्या गेलेल्या ३०,००० रुपयांवर पाणी सोडतो. वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह हे ६,२४० रुपयांचे नुकसान आहे. फॉर्म १६ मध्ये न दिसणारी वजावट विवरणपत्रात थेट मागता येते, हेच अनेकांना ठाऊक नसते.

वजावटीइतकाच जाच करकपातीचा होतो. आधीच्या कंपनीतील उत्पन्न नव्या कंपनीला कळवले नाही, तर दोन्हीकडचे वेतन विभाग आपापल्या हिशेबात प्रमाणित वजावट (पगारदाराला सरसकट मिळणारी) आणि करमुक्त मर्यादा यांचा लाभ स्वतंत्रपणे देतात. दरमहा हातात थोडे अधिक पडते, म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण जुलैमध्ये दोन उत्पन्ने एकत्र आली की मोठी थकबाकी निघते आणि तिच्यावर कलम २३४बी व २३४सी प्रमाणे व्याजही भरावे लागते. हे टाळण्यासाठी १९६१ च्या कायद्याखालील नियमांत फॉर्म १२बी ची सोय आहे: आधीच्या नोकरीतील वेतन, कापलेला कर आणि पीएफ यांचा तपशील त्यात भरून नव्या कंपनीला द्यायचा असतो. रुजू होण्याच्या दिवशी पीएफच्या सदस्यत्वासाठीचा फॉर्म ११ न चुकता भरून घेतला जातो, पण १२बी चे नाव निघत नाही. तो देणे कर्मचाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले आहे, आणि ज्याचे अस्तित्वच माहीत नाही त्याबाबत मर्जी कसली?

येथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष वेधतो. मार्चच्या पगारातून कापलेला पीएफ कंपनीने १५ एप्रिलपर्यंत भरायचा असतो, त्यामुळे पासबुकात जमा झाल्याच्या तारखा पाहून वर्षाची बेरीज करणाऱ्याचा ताळा फॉर्म १६ शी बसत नाही. शिवाय यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफ क्रमांक) एकच असला तरी प्रत्येक कंपनीच्या सदस्य क्रमांकाचे पासबुक वेगळे उघडावे लागते. म्हणून दोन्ही कंपन्यांच्या पगारपत्रकांवरून बेरीज करावी, असे मी सांगतो. पण नोकरी सोडल्यानंतर जुन्या कंपनीच्या संगणकप्रणालीत प्रवेशच बंद होतो, तेव्हा शेवटच्या दिवसाआधी पगारपत्रके उतरवून घेतलेली बरी.

नव्या करप्रणालीत ८०सी ची वजावट नाही, तीच प्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होते आणि २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर त्या प्रणालीत कर नाही, तेव्हा हा प्रश्न आता उरलाच कुठे, असे कोणी म्हणेल. घरभाडे भत्ता किंवा गृहकर्जाचे व्याज मोठे असल्यामुळे जुन्या प्रणालीत राहणे ज्यांना परवडते, त्यांच्यापुरता तो पूर्णपणे उरला आहे. नोकरी बदलणाऱ्यांच्या बाबतीत तर एक कंपनी जुन्या प्रणालीने आणि दुसरी नव्या प्रणालीने कर कापते, असेही घडते. विवरणपत्रात संपूर्ण वर्षासाठी एकच प्रणाली धरावी लागते. मात्र ज्याला व्यवसायाचे उत्पन्न नाही अशा पगारदाराला, कंपनीला काहीही सांगितलेले असो, मुदतीत विवरणपत्र भरताना ती निवडता येते. त्यामुळे आपल्या पीएफची खरी बेरीज हातात असल्याशिवाय ही निवडही डोळसपणे करता येत नाही.

याहून गंभीर बाब पुढेच आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे मुख्य कारणही तेच आहे. नोकरी बदलली की जुन्या खात्यातील पैसे काढून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी पीएफ काढला, तर आजारपण किंवा कंपनी बंद पडणे यांसारखी कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरची कारणे वगळता ती रक्कम करपात्र ठरते. एवढ्यावर भागत नाही. मागील ज्या ज्या वर्षी या निधीमुळे करसवलत मिळाली, त्या प्रत्येक वर्षाचा कर निधीला मान्यता नव्हतीच असे समजून पुन्हा मोजला जातो. म्हणजे पूर्वी घेतलेली ८०सी ची वजावट हातची जाते, आणि कंपनीचा वाटा व त्यावरील व्याजही करात येते. विवरणपत्रातील ‘इतर स्रोत’ या परिशिष्टात त्यासाठी करनिर्धारण वर्ष, उत्पन्नातील लाभ आणि करातील लाभ असे रकाने असलेला वेगळा तक्ता आहे. तो भरलेला मी क्वचितच पाहिला आहे. रक्कम ५०,००० किंवा त्याहून अधिक असेल, तर पॅन दिलेल्याचा १० टक्के आणि न दिलेल्याचा २० टक्के कर काढतानाच कापला जातो. तो कापला म्हणजे आपले देणे फिटले, अशी लोकांची समजूत होते. काही जण तर फॉर्म १५जी (आपल्यावर कर लागत नाही असे स्वतःचे घोषणापत्र) भरून तो कापूही देत नाहीत आणि मग दोन-तीन वर्षांनी नोटीस आली की हवालदिल होतात.

पैसे न काढता खाते नव्या कंपनीकडे वर्ग केले तर यातले काहीच घडत नाही. पहिल्या कंपनीतील तीन वर्षे आणि दुसरीतील अडीच वर्षे, शिल्लक वर्ग केलेली असल्यास, एकत्र साडेपाच वर्षे धरली जातात आणि घेतलेली वजावट अबाधित राहते. निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या दहा वर्षांच्या सेवेचाही हिशेब तुटत नाही. यूएएन तोच राहिला म्हणजे शिल्लक आपोआप वर्ग झाली, हा गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. जानेवारी २०२५ पासून बऱ्याच प्रकरणांत कंपनीच्या मान्यतेविना खाते वर्ग करता येते, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. चाकण-रांजणगावच्या कंत्राटी कामगारांना तिचा सर्वाधिक उपयोग व्हावा, कारण त्यांचे यंत्र तेच राहते, कंत्राटदार बदलतो आणि प्रत्येक वेळी पीएफचा नवा सदस्य क्रमांक पडतो. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असूनही पीएफ काढताना कापलेला कर विवरणपत्र न भरल्यामुळे त्यांतल्या कित्येकांना परत मिळत नाही.

राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत खाते क्रमांक नोकरीबरोबर बदलत नाही. तेथे कंपनी भरत असलेल्या रकमेला नव्या प्रणालीतही वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट मिळते. पण नवी कंपनी ही सोय देते की नाही, हे पगार ठरवतानाच विचारून घेतले पाहिजे.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ येतो आणि कलमांचे क्रमांकही बदलतात. ८०सी ची तरतूद त्यात कलम १२३ मध्ये आहे. नियम आणि फॉर्म नव्याने बसवले जात असताना तीन गोष्टी सहज करता येतील. आधीच्या नोकरीच्या उत्पन्नाचा तपशील देणारा फॉर्म रुजू होतानाच्या कागदांत फॉर्म ११ प्रमाणेच सक्तीचा असावा आणि तो भरण्यासाठी लागणारा दाखला जुन्या कंपनीने अंतिम हिशेबासोबत द्यावा; त्यासाठी पुढच्या जूनपर्यंत फॉर्म १६ ची वाट पाहायला लावू नये. भविष्य निर्वाह निधी संघटनेने एका यूएएन खालील सर्व सदस्य क्रमांकांवर त्या आर्थिक वर्षाच्या पगारातून कापलेला कर्मचाऱ्याचा वाटा एकाच पानावर दाखवणारे वार्षिक पत्रक द्यावे. आणि पैसे काढण्याचा अर्ज दाखल होण्याआधी पडद्यावर, सेवा पाच वर्षांहून कमी असल्यास, ती नेमकी किती भरते, किती रकमेवर कर लागू शकतो आणि खाते वर्ग करण्याचा पर्याय कोठे आहे, हे मराठीतही स्पष्ट लिहिलेले असावे. संघटनेकडे रुजू होण्याच्या व सोडण्याच्या तारखा, जमा रकमा आणि पॅन असे सारे आधीपासून आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापाल, चिंचवड