आबांचं मशीन

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं गेलीस, तेव्हापासून आबा गप्पच आहेत. तुला टोचायला हे लिहीत नाही. फक्त एकदा त्यांना फोन कर.

तुझ्या पहिल्या पगारातून घेतलेलं कानाचं मशीन पेटीच्या रीडांच्या डब्यात सापडलं, तुझं चिडणं मला पटतं. पण मंगळवारी दुपारी मी पाहिलं. घरात कोणी नाही असं समजून आबांनी मशीन घातलं, पेटी पुढ्यात ओढली आणि काळी एक दाबून धरली. मशीन काढून पुन्हा तीच दाबली. परत घातलं. असं पाच-सहा वेळा. मग रुमालात गुंडाळून डब्यात.

रात्री जवळ बसून विचारलं तर म्हणाले, "यात पेटी बेसूर वाजते रे." मशीन दिलं तिथल्या बाईंना विचारलं. ही यंत्रं मुळात बोलणं ऐकू यावं म्हणून लावलेली असतात, गाण्यासाठी सेटिंग वेगळं लागतं म्हणे. आपण कोणी विचारलंच नव्हतं.

रीड टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. हात जरा जास्त चालला की रीड वाया. चाळीस वर्षं या माणसानं मिरजेत नुसत्या कानावर पेट्या लावल्या. तू भाता मारायचीस, ते म्हणायचे "अजून चढाय लागलाय", आणि मला काडीचा फरक कळायचा नाही. तुला कळायचा. आता नातीचं बोलणं ऐकायचं तर स्वतःचा सूर खोटा ऐकायचा. त्यांना दोन्ही हवंय, आणि हे ते तोंडानं सांगणार नाहीत.

कॉलेजात असताना तूच मला जयपूर फूटची गोष्ट सांगितली होतीस. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालायचा. आपली माणसं शेतात अनवाणी चालणारी, उकिडवी बसणारी, मांडी घालणारी. पाय हवा असायचा, तरी घरी नेऊन कोपऱ्यात ठेवायची. मग डॉ. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मांनी रबराचा पाय केला, बुटाशिवाय चालणारा. सांगताना तुझे डोळे चमकत होते. मी कामावर सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

तेच तू घरात विसरलीस. लोक काय म्हणतात ते लिहून घेता तुम्ही, पण जे लपवून ठेवतात त्यातच...

जाऊ दे. तुझ्या कामातलं मला काय कळतं? पुन्हा शिकवायला बसलो. रागावू नकोस. मीही त्या दिवशी तुला थांबवलं नाही, आबांकडे बघत नुसता उभा राहिलो. ब्याऐंशी झाले त्यांना. हे लिहायचं नव्हतं.

सेटिंगसाठी शनिवारी नेतोय त्यांना. पेटीही रिक्षात घालून नेणार आहे.

आणि फोन सातनंतर कर. तू नेहमी करतेस त्या वेळेला आबा मशीन घालून फोनपाशी बसतात. काल साडेआठपर्यंत बसले होते.

तुझा,
बाबा