ऊसतोडीला आलेल्या बाळांच्या लसीची नोंद कुणी ठेवायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा-दिवाळी झाली की पलूस-वाळवा भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरू लागतात. कुणी बीड-धाराशिवकडून येतं, कुणी आपल्याच जत तालुक्यातून. मुकादम कोण, कोयते (तोडणीच्या जोड्या) किती, टोळी कोणत्या गटात आहे, हे सगळं कारखान्याच्या शेतकी खात्याकडे लिहिलेलं असतं. टोळीबरोबर आलेली तान्ही बाळं तेवढी कुठल्याच कागदावर नसतात. या भागात आरोग्यसेविका म्हणून माझी सारी नोकरी झाली, म्हणून हे पोटतिडकीनं लिहीत आहे.

दसऱ्याच्या सुमारास गावी जन्मलेल्या बाळाला बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ-बची लस तिकडेच मिळते. पुढचे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस मात्र नेमके गाळप हंगामात, आपल्या शिवारात येतात. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या वेळी कुटुंब परत गावी गेलेलं असतं. पहिल्या वर्षाची नोंद अशी दोन जिल्ह्यांत विभागली जाते आणि तिला जोडणारं असतं फक्त आईजवळचं माता-बाल संरक्षण कार्ड.

ते कार्ड कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, पत्र्याच्या पेटीत असलं तर ठीक. पुष्कळदा ते छपराच्या पाचटात खोचलेलं असतं आणि दवानं भिजतं. असंच एक कार्ड मी हातात घेतलं होतं. बाळाचं नाव वाचता येत होतं, तारखांच्या चौकटीत निळी शाई फुटलेली. बाळ पाच महिन्यांचं. आई म्हणाली, "दोन्ही मांड्यांत सुया दिल्या व्हत्या बाई, कवा ते ध्यानात न्हाई." दोन्ही मांड्यांत म्हणजे पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकल या दोन लसी, म्हणजे दीड किंवा साडेतीन महिन्यांचा डोस. पण दोन्हींपैकी कोणता, हे त्या माउलीनं कसं सांगावं?

अशा वेळी "आधी कार्ड शोधून आणा" म्हणून बाई परत पाठवली जाते, हेही मी पाहिलं आहे आणि त्याचा मला फार राग येतो. रोजगार बुडवून आलेली बाई दुसऱ्यांदा येत नाही. कार्ड नसेल तर डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण पाहावा, बाळाचं वय पाहावं, आणि ज्या डोसची खात्री पटत नाही तो वयात बसत असेल तर द्यावा. मध्ये खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवून राहिलेले डोस पुढे चालू करायचे आणि नवं कार्ड भरून हातात द्यायचं.

उपकेंद्रात टिकलर बॅग असते, दर महिन्याला एक खिसा असलेली. कार्डाची स्थळप्रत पुढचा डोस ज्या महिन्यात, त्या खिशात जाते. महिना उजाडला की तो खिसा बघायचा आणि जे बाळ आलं नाही त्याच्या घरी आशाताईंनी जायचं. गावच्या बाळांसाठी ही पद्धत चोख चालते. टोळीतलं बाळ त्या खिशात येण्यासाठी आधी ते आपल्या हद्दीत आहे हे कळायला हवं. टोळी या फडातून त्या फडात हलली की ते कारखान्याच्या गट ऑफिसला त्याच दिवशी ठाऊक असतं. गरोदर बायका आणि पाच वर्षांखालची मुलं यांची यादी तिथून प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळायला काय हरकत आहे? शिवाय तोड पहाटेपासून चालते. सकाळी दहाच्या सत्राला बाई फडातच असणार. लसीचा कॅरिअर (थंड पेटी) संध्याकाळी कोप्यांवर न्यावा.

यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदणीवर, नोंद झाली की दुसऱ्या जिल्ह्यातही ती सापडते, हा मोठा आधार आहे. मात्र नोंदवताना पुष्कळ जण मुकादमाचा मोबाइल नंबर देतात आणि पुढच्या हंगामात मुकादम बदलतो. घरातल्याच कुणाचा तरी नंबर द्यावा आणि तो बदलू नये.

गावकऱ्यांनाही एक सांगणं आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात आपण सातबारा, रेशनकार्ड घेऊन घराबाहेर पडलो, मुलांची लसीची कार्डं कृष्णेच्या पाण्यात गेली. आता काही जण ती लॅमिनेट करतात. कृपा करून करू नका, पुढची तारीख त्यावर लिहिता येत नाही. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डोसनंतर फोटो काढून ठेवा.

जिल्हा आरोग्य अधिकारी आणि कारखान्यांचे शेतकी अधिकारी यांनी यासाठी बॉयलर पेटण्याआधीच एकत्र बसावं. आणि पाडव्याच्या सुमारास टोळ्या परत निघतील तेव्हा गोवर-रुबेलाची तारीख प्रत्येक कार्डावर ठळक लिहून आईला वाचून दाखवावी.

– एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. पलूस, जि. सांगली