दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावरच्या सगळ्यांना मनापासून थँक्यू

ओळख ना पाळख, तरी दिवाळे कोळीवाड्यातल्या तुम्ही लोकांनी मला नवी जेट बोट धक्क्याला लावायला शिकवलंत, नावं विचारायची राहून गेली म्हणून इथेच आभार मानतोय. या बोटीला बाहेर पाणी कापणारा पंखाही नाही आणि सुकाणूही नाही, पाण्याचा झोत जिकडे वळेल तिकडेच ती वळते, म्हणजे थ्रॉटल, वेग देणारा दांडा, पूर्ण सोडला की स्टिअरिंग कितीही फिरवा ती आपली सरळच जाणार. धक्का जवळ आला की हात आपोआप मागे येतो आणि नेमकं तेव्हाच निळ्या टोपीवाले काका काठावरून ओरडायचे, "सोडू नको, जरासा दे!" ओहोटीच्या ओढीकडे तोंड करून हळू यायचं, म्हणजे पाणीच बोटीला धरून ठेवतं, हेही त्यांनीच दाखवलं. खूप मोठी गोष्ट आहे ही. आणि त्या मावशी, हातातली मासळीची पाटी खाली ठेवून दोर झेलला, खुंटाला दोन वेढे मारले आणि म्हणाल्या, "ढिला ठेव रे, पाणी उतरलं की बोट लटकेल." उथळ पाण्यात झोत सोडणारा पंप गाळ न् प्लॅस्टिक आत ओढतो, तिथे इंजिन बंद करून वल्ह्याने यायचं हे तिथल्या पोरांनी सांगितलं. रविवारी येतोय, सगळ्यांचा चहा माझ्याकडून.